आवडलं, घेतलं

सिस्टरांच्या हॉलमध्ये सोफा नव्हता. केस कापायच्या दुकानात असते तशी लाल रेक्झिनची, गोल फिरणारी खुर्ची होती. वरची खोली भाड्याने मिळेल का विचारायला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्या तिच्यातच बसल्या होत्या आणि मी इकडून तिकडे हलले की खुर्चीसकट माझ्याकडे वळत होत्या. भाडं, पाण्याची वेळ, स्कूटी कुठे लावायची, सगळं दोन मिनिटांत ठरलं. मग मला राहवेना.

"ही खुर्ची..."

"मालेगावहून येत होते. हायवेला एक जुनं सलून बंद होत होतं, तर ही बाहेर उन्हात उभी. आवडली, घेतली."

"पण कशासाठी?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बसायला," त्या म्हणाल्या.

इंदिरानगरमधल्या त्या घरात मी साडेतीन वर्षं राहिले. तीसेक वर्षं दवाखान्यात नोकरी करून त्या मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या. भाजीवाल्यापासून शेजारच्या वकिलांपर्यंत सगळे त्यांना सिस्टर म्हणत, म्हणून मीही सिस्टरच म्हणू लागले. उंच, सडपातळ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, चालणं वॉर्डात राउंडला निघाल्यासारखं. लग्न केलेलं नव्हतं. माहेर सटाण्याच्या बाजूचं. तिथे धाकटा भाऊ आणि त्याची डाळिंबाची बाग. एरवी त्या तुमच्याआमच्यासारखं मराठी बोलत. पण रस्त्याने जाता जाता एखादी वस्तू त्यांच्या मनात भरली की तोंडातून अहिराणी निघायची. "भारी शे!" एवढे दोन शब्द कानावर पडले की मी पिशवी उघडून तयार राहायचे, कारण आता काहीतरी घरी येणार हे नक्की.

मी अगदी उलट्या वळणाची. अंबडला औषधाच्या कंपनीत प्रयोगशाळेत काम करायचे. चिमूटभर पावडर चार-चार वेळा वजन करायची सवय. साधा मिक्सर घ्यायचा तर मी आठ महिने लोकांची मतं वाचली, तीन दुकानं फिरले, दोन मैत्रिणींच्या घरी जाऊन त्यांच्या मिक्सरचा आवाज ऐकून आले. शेवटी घेतला तेव्हा सिस्टर वर बघायला आल्या.

"आठ महिने चटणी कशावर वाटलीस?"

"नाही वाटली."

"म्हणजे आठ महिन्यांची चटणी गेली." एवढं बोलून त्या खाली निघून गेल्या.

कुणाला वाटेल की बाई हातची सैल असावी. तसं मुळीच नव्हतं. कोथिंबिरीच्या जुडीसाठी त्या भाजीवालीशी पंधरा मिनिटं घासाघीस करत आणि मग तिलाच घरात बोलावून चहा पाजत. सेलच्या पाटीकडे त्या ढुंकून बघत नसत. "स्वस्त आहे म्हणून घेणं म्हणजे दुकानदाराच्या मनाने घेणं," असं त्यांचं म्हणणं. फोनवरून काही मागवायचं नाही, कारण हात लावता येत नाही. उधारीवर घ्यायचं नाही. आणि जी वस्तू आवडली, तिची किंमत पाडून मागायची नाही. ते त्यांना अपमानासारखं वाटे. वस्तूचा की स्वतःचा, हे मला कधी नीट कळलं नाही.

चुका व्हायच्या. भरपूर व्हायच्या. एकदा त्या आठवडे बाजारातून दोन भलीमोठी पांढरी बदकं घेऊन आल्या. विकणारा त्यांना राजहंस म्हणत होता. "मानेचा डौल बघ," सिस्टर मला म्हणाल्या. डौल एक दिवस टिकला. दुसऱ्या दिवशी त्या राजहंसांनी गॅस सिलिंडरवाल्याला फाटकापासून कोपऱ्यापर्यंत पळवला. तो खांद्यावर सिलिंडर घेऊन पळत होता आणि मागून ही दोघं माना ताणून. चौथ्या दिवशी टपाल बंद झालं. आठव्या दिवशी सिस्टरांनी टेम्पो बोलावला, बदकं ओळखीच्या एका शेततळ्यावर पोचवली आणि परत येऊन सरळ सिलिंडरवाल्याच्या घरी गेल्या. "चुकलं माझं," म्हणाल्या. कारणं नाहीत, सारवासारव नाही. त्यांच्या उतावळेपणात मला तेच सर्वांत आवडायचं. चूक झाली की ती त्या तितक्याच झटपट कबूल करत.

कधी मात्र अशी जमून जायची गोष्ट, की हसणारे गप्प होत. जुन्या सहकारी नर्सच्या मुलीच्या लग्नाला त्या मालेगावला गेल्या होत्या. कार्यालयाच्या मागेच मागांचा कारखाना. जेवणं व्हायला वेळ होता, म्हणून त्या आत डोकावल्या. तिथे नऊ ठाण कापड भिंतीशी पडलेलं. रंग चुकला म्हणून व्यापाऱ्याने नाकारलेलं. हवा होता निळा, झालं होतं पिकल्या जांभळासारखं. कारखानदार बिचारा डोक्याला हात लावून बसलेला. सिस्टरांनी कापड बोटांत धरलं आणि ते दोन शब्द उच्चारले. लग्नाहून त्या मालाच्या टेम्पोत, ड्रायव्हरशेजारी बसून आल्या.

"एवढ्या कापडाचं करणार काय?" मी विचारलं. जिना ठाणांनी भरला होता, मला वर जाता येत नव्हतं.

"बघू की. आत्ता कुठे आलंय."

आठवडाभर गल्लीत चेष्टा चालली. मग वकिलीणबाई पडद्यांसाठी थोडं मागून घेऊन गेल्या. कापड उत्तम होतं, सुती, जाड, धुतल्यावर आणखी खुलणारं. मग मागणाऱ्यांची रीघच लागली. सिस्टरांनी विकलं नाही, वाटलं. उरलेल्या सहा ठाणांच्या चादरी शिवून घेतल्या आणि आपल्या जुन्या दवाखान्याच्या बाळंतिणींच्या वॉर्डात नेऊन दिल्या. मी सोबत होते. चुन्याच्या भिंती, लोखंडी खाटा, आणि खाटाखाटांवर ते गडद जांभळं कापड आणि त्यावर मुठी वळून झोपलेली लहान लहान बाळं. सिस्टर वॉर्डच्या दारात उभ्या राहून बराच वेळ बघत राहिल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तीस वर्षं पांढऱ्या चादरी मोजल्या मी."

त्या अशा का, याबद्दल गल्लीत नाना तर्क होते. कुणी म्हणे तरुणपणी प्रेमभंग झाला, कुणी म्हणे गरिबीत वाढल्या, हौस राहून गेली. मीही एकदा विचारलं. "वॉर्डात इतके मृत्यू बघितलेत, म्हणून का हो?" त्या खुर्चीत गर्रकन वळल्या. "तुम्हा लोकांना प्रत्येक गोष्टीमागे एक दुःख लागतं का गं? आवडतं, म्हणून घेते."

हे सगळं मजेत चाललं होतं. एका दुपारी मात्र त्यांनी मला खाली हाक मारली, आणि तो आवाज नेहमीचा नव्हता.

टेबलावर दोन पितळी पानाचे डबे होते. झाकणावर मोर, मोराच्या शेपटीत कात-सुपारीचे कप्पे. दोन्ही अगदी सारखे.

"जोडी घेतलीत?" मी म्हणाले.

"हा आज आणला, द्वारका चौकाजवळच्या मोडीच्या दुकानातून. ठेवायला कपाट उघडलं, तर हा आतच होता. दुकानदाराची चिठ्ठी आत होती. गेल्या आठवड्यातली." त्या थांबल्या. "त्याच दुकानातून, मीच घेतलेला. आणि मला आठवत नाही."

"होतं हो असं. मीही फोन कुठे ठेवला ते..."

"गप्प बस." त्या आवाजात वॉर्ड होता. मग हळू बोलल्या. "फोन विसरणं वेगळं. मला शिकवू नकोस. माझ्या वॉर्डात आलीत अशी माणसं. नातेवाईक हेच सांगतात. पहिल्यांदा उधळपट्टी सुरू झाली, दिसेल ते घेत सुटले, आम्हाला वाटलं हौस आहे. वर्ष-दोन वर्षांनी तीच माणसं आपल्या मुलांना ओळखेनाशी होतात."

त्या एका डब्याचं झाकण उघडत होत्या, मिटत होत्या.

"मला वाटायचं, हा माझा स्वभाव आहे," त्या म्हणाल्या. "आजार असला तर?"

मी न विचारता त्यांच्या भावाला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आला. साठीचा, ठेंगणा, पांढरा शर्ट, पांढरी टोपी, खिशात छोटी वही. झाडाला पाणी द्यायचं तरी तिच्यात बघून देणारा माणूस. बहिणीच्या खरेदीवर त्याचा पूर्वीपासून राग होता, आणि आता त्याच्या हाती कारणच आलं. त्याने दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवून बघितले आणि हात पुढे केला.

"ताई, बँकेचं कार्ड दे."

मला वाटलं, सिस्टर त्याला फाटकाबाहेर काढतील. त्यांनी मुकाट्याने पर्समधून कार्ड काढून दिलं.

"डॉक्टरची तारीख मिळेपर्यंत काही घ्यायचं नाही. घरखर्चाला मी देऊन जातो. आणि डॉक्टरने तसं काही सांगितलं, तर घर बंद करून सटाण्याला चल. एकटं ठेवणार नाही मी तुला इथं."

"बरं," सिस्टर म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून 'बरं' मी पहिल्यांदा ऐकलं. तारीख मिळाली ती तीन आठवड्यांनंतरची. ते तीन आठवडे मला त्या घरात करमेना. बाजाराला निघताना त्या कागदावर यादी लिहीत. तूरडाळ, साबण, मेथी. तेवढंच घेऊन येत, आणि मला यादी दाखवत, पोरं गृहपाठ दाखवतात तशी. रस्त्याने जाताना नजर पुढे ठेवत. एकदा आम्ही दोघी एका कुंभाराच्या गाडीजवळून गेलो. गाडीवर हिरव्या झिलईच्या बरण्या होत्या, बघताक्षणी मलाच आवडल्या. मी सिस्टरांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. "चल," त्या म्हणाल्या. "डाळ घ्यायचीय."

मी त्यांना सांगत असे तेच त्या आता करत होत्या. विचार करून वागत होत्या. आणि मला ते बघवत नव्हतं.

दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. त्यांनी आधी रक्ताचे रिपोर्ट बघितले, मग सिस्टरांना तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. "सफरचंद, टेबल, नाणं."

"शेकडो पेशंटना मीच विचारलेत हे," सिस्टर म्हणाल्या. "झोपेतही सांगेन. दुसरे द्या."

डॉक्टर हसले. "बरं. डाळिंब, चप्पल, पाऊस."

मग घड्याळ काढायला सांगितलं. सिस्टरांचं पेन जराही थरथरलं नाही, पण टेबलाखाली दुसऱ्या हाताने त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. शंभरातून सात-सात वजा करत गेल्या. प्राण्यांची नावं सांगितली. शेवटी डॉक्टरांनी ते तीन शब्द विचारले. क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, "डाळिंब, चप्पल, पाऊस." आणि माझं मनगट सुटलं.

डॉक्टर भावाकडे वळले. "आता तुम्ही सांगा. हे खूप महत्त्वाचं आहे. यांचं हे अचानक खरेदी करणं कधी सुरू झालं? गेल्या वर्षा-दोन वर्षांत? स्वभाव बदललाय असं वाटतं का?"

भाऊ सगळं लिहून घेऊन आला होता. खुर्ची, बदकं, कापड, डबे. त्याने वही उघडली. वाचायला तोंड उघडलं आणि तो थांबला. वही मिटली.

"बदल?" तो म्हणाला. "बदल काय नाही साहेब. लहानपणापासून अशीच शे ती."

"म्हणजे कधीपासून?"

"मी चौथीत होतो, ही आठवीत. वडिलांनी हिला बाजारात पाठवलं, कांद्याचं बी आणायला. पेरणी अडली होती. ही परत आली ती करडू घेऊन. शेळीचं. तेही एका डोळ्याने आंधळं. वडिलांनी हिला असं मारलं, की आई मध्ये पडली."

"मग?"

"मग काय, तिसऱ्या दिवशी करडू मेलं."

सिस्टर खाली बघत होत्या. डॉक्टर काही लिहिणार होते, पण भावाचं बोलणं संपलं नव्हतं. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तीन दिवस मी शाळेत गेलो नाही. ते माझ्या मांडीवर झोपायचं. ही त्याला वाटीने दूध पाजायची, चिंधी भिजवून. साहेब, पन्नास वर्षं झाली. दरसाल कांद्याचं बी घेतो, पेरतो. कोणत्या साली किती पिकलं, ते वहीत बघावं लागतं. ते तीन दिवस मला वहीत बघावे लागत नाहीत."

मग सिस्टर हलक्या आवाजात म्हणाल्या, "पाठीवर वळ उठले होते माझ्या. तू हळद लावलीस."

"लावली होती," तो म्हणाला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी नीट समजावून सांगितलं. जन्मभर जो स्वभाव आहे, तो आजार नव्हे. अचानक पालटला असता तर काळजी होती. चाचणी चांगली आहे. रक्तात बी-ट्वेल्व्ह मात्र खूपच कमी आहे, त्याने विसरायला होतं. इंजेक्शनं घ्यायची, सहा महिन्यांनी पुन्हा येऊन दाखवायचं. "घेतलेली वस्तू विसरणं तरी थांबेल," ते म्हणाले. "बाकीचं माझ्या हातात नाही." आणि ते हसले.

बाहेर पडल्यावर सिस्टर पायरीवरच बसल्या. मला वाटलं चक्कर आली. त्या रडत होत्या, आवाज न करता, पदर तोंडाशी धरून. भाऊ शेजारी बसला. त्याने खिशातून कार्ड काढलं आणि त्यांच्या पर्सची चेन उघडून आत ठेवून दिलं.

आम्ही त्याला द्वारकेला एसटीत बसवून द्यायला गेलो. गाडी यायला वेळ होता. ट्रकचे हॉर्न, धूळ, ऊन. तो बहिणीकडे न बघता म्हणाला, "पुढे काही घेतलंस, तर मला फोन करत जा."

सिस्टरांचा चेहरा उतरला. "विचारायला?"

"विचारायला कशाला? घेतल्यावर कर." तो घुटमळला. "मी रोज बागेत एकटा असतो. काय घेतलंस ते सांगत जा."

पुढचा महिनाभर सिस्टरांनी काही घेतलं नाही. इंजेक्शनं चालू होती. स्वतःवरचा त्यांचा विश्वास हळूहळू परत येत होता, दुखण्यातून उठलेलं माणूस भिंतीला धरून चालतं तसा. मी एवढं मात्र केलं, की एका संध्याकाळी कामावरून येताना ती कुंभाराची गाडी दिसली, तर थांबले आणि हिरवी बरणी घेतली. कशासाठी, ते मलाही माहीत नव्हतं. वर जाताना सिस्टरांना दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन फिरवून बघितली आणि म्हणाल्या, "बुडाला तडा आहे गं." होता खरा. मी ती बरणी तडा असलेलीच ठेवली. अजून माझ्याकडे आहे. तिच्यात पाणी राहत नाही, म्हणून दाराशी ठेवून तिच्यात छत्री उभी करते. विचार न करता घ्यावं की घेऊ नये, हे कुणी विचारलं तर मला आजही उत्तर देता येत नाही. मी अजून मिक्सर आठ महिन्यांनीच घेईन. पण दारात छत्री काढताना दर वेळी मला बरं वाटतं, आणि मिक्सरकडे बघून तसं कधी वाटलेलं नाही.

मग एका रविवारी सकाळी मी चहा घेत होते, आणि खालून असा आवाज आला की माझ्या फळीवरच्या ताटल्या थरथरल्या. धावत खाली गेले. हॉलच्या मधोमध सिस्टर उभ्या होत्या. गळ्यात पट्टा, पट्ट्याला ढोल, त्यांच्या कमरेपेक्षा मोठा. हातातल्या काठीकडे त्या स्वतःच आश्चर्याने बघत होत्या. फोन टेबलावर होता, स्पीकर चालू. पलीकडे बागेतला वारा ऐकू येत होता.

"ढोल?" भाऊ विचारत होता. "तुला वाजवता येतो का?"

"नाही."

"मग कशाला घेतला?"

"आवडला."

शेजारच्या गच्चीवर वकिलीणबाई ओले कपडे हातात धरून वाकून बघत होत्या. सिस्टर काठी धरून थांबल्या होत्या.

"वाजव बरं," फोनमधून आवाज आला.

त्यांनी वाजवला. ताल नव्हता, काही नव्हतं. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

"ऐकू नाही येत," साठीचा तो माणूस बागेतून ओरडला, आणि तो हसत होता हे मला फोनवरूनही कळलं. "ताई, जोरमा! अजून जोरमा!"